गांजाचे सेवन आणि स्मरणशक्ती

महोत्सवाच्या स्मरणिकेत व्यसनासारखा विषय कशाला, असे काही सभासदांना वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलांच्या शिक्षणाला हातभार लावणे हे आपल्यासारख्या संस्थेचे पहिले कर्तव्य होय. आणि शिक्षण म्हणजे काय, तर ऐकलेले, वाचलेले आणि पाहिलेले मनात टिकवून धरणे. ज्या वस्तूने नेमकी हीच शक्ती दुबळी होते, तिची माहिती घराघरांत असणे अगत्याचे आहे. मुरगाव हे बंदराचे गाव. येथे जगभरची माणसे येतात, तसा जगभरचा मालही येतो. मात्र गांजा ही काही परदेशातून आलेली नवी वस्तू नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

एकाच झाडाची ही तीन रूपे. पानांची भांग, मादीझाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि त्याच्या चिकाचा चरस. आपल्या वैद्यकाला हे झाड जुन्या काळापासून ठाऊक आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांगेची गणना 'व्यवायी' द्रव्यांत केली आहे, म्हणजे जी पचण्यापूर्वीच सर्व शरीरभर पसरतात अशा द्रव्यांत. शिवरात्रीची भांग आणि साधूंची चिलीम यांमुळे या वस्तूला आपल्या समाजात थोडी सूटही मिळत आली.

गोव्याचा तर या विषयाशी फार जुना संबंध आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि येथील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ती घेतली म्हणजे कष्ट जाणवत नाहीत, मन उल्हसित होते आणि भूक लागते, असे त्याने आपल्या नोकरांच्या तोंडून ऐकले होते. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाची गोष्टही त्याने नोंदविली आहे. रात्री निजल्याजागी दूरदूरचे देश हिंडून येण्याची इच्छा झाली की हा सुलतान थोडी भांग घेत असे! सुख कोणते मिळते हे ओर्ताने चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. त्याची किंमत स्मरणशक्तीला कशी मोजावी लागते, हे मात्र अलीकडच्या काही दशकांत स्पष्ट होत गेले.

स्मरणशक्तीचे काम तीन टप्प्यांत चालते. नवी गोष्ट मनात नोंदविणे हा पहिला, ती जपून ठेवणे हा दुसरा आणि वेळेवर ती आठवणे हा तिसरा. गांजाचा मुख्य आघात पहिल्या टप्प्यावर होतो. त्यामुळेच घरच्यांची फसगत होते. वास्कोच्या श्री दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते, हे आपण सर्व जाणतो. समजा, भजनी मंडळातील एखाद्या तरुणाला गांजाची सवय लागली. लहानपणी पाठ केलेले अभंग तो न अडखळता म्हणेल. कारण ते पूर्वीच पक्के झालेले असतात. परंतु कालच्या तालमीत शिकवलेली नवी चाल त्याला आज आठवणार नाही. ती तो विसरला, असे म्हणण्यापेक्षा ती त्याच्या मनात नीट उमटलीच नाही, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. "त्याला सगळे आठवते, मग बिघडले कोठे?" असे म्हणणाऱ्या आईबापांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

असे का घडते? गांजातील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. १९६४ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी ते शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना निश्चित केली. पुढे १९८८ साली असे आढळले की हे द्रव्य जेथे जाऊन चिकटते, त्या खास जागा मेंदूच्या पेशींवर मुळातच असतात. कुलुपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते. मग निसर्गाने हे कुलूप ठेवले कोणत्या किल्लीसाठी? त्याचे उत्तर १९९२ साली मिळाले. आपला मेंदू स्वतःच एक तत्सम द्रव्य तयार करतो. शोधकांनी त्याला आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. हे घरचे द्रव्य गरजेपुरते निर्माण होते आणि काम होताच विरून जाते. गांजाचे द्रव्य मात्र सर्वत्र एकदम पसरते आणि बराच वेळ ठाण मांडून बसते. मेंदूत 'हिप्पोकॅम्पस' नावाचा एक लहानसा भाग आहे. नव्या आठवणींची नोंद तेथे होते, आणि ही कुलुपे तेथे फार दाट असतात. तेव्हा नोंदणीच्या कचेरीतच गोंधळ माजतो, यात नवल नाही.

ही हानी किती? अमेरिकेतील चार शहरांत १९८५-८६ सालापासून काही हजार तरुणांची पंचवीस वर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पंधरा शब्द ऐकवून ते काही वेळाने आठवावयास सांगणे, अशी एक चाचणी त्यात होती. गांजाच्या सेवनाचा काळ एकूण पाच वर्षांनी वाढला की सरासरीने दर दोघांपैकी एकाला एक शब्द कमी आठवे. एक शब्द म्हणजे थोडेच, असे कोणी म्हणेल. परंतु वर्गात, कचेरीत, कारखान्यात दररोज असाच एकेक शब्द गळत गेला तर त्याची बेरीज लहान राहत नाही.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरी १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांची पाहणी अधिक बोलकी आहे. पौगंडावस्थेत गांजा सुरू करून जे पुढे त्याच्या आहारी गेले, त्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत सुमारे आठ अंकांनी घटलेला आढळला. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत, गांजा घेणाऱ्या व न घेणाऱ्या भावंडांत असा फरक दिसला नाही. म्हणून काहींच्या मते या घसरणीत घरची परिस्थिती व शाळा सुटणे यांचाही वाटा असावा. पण मेंदूची घडण विशीनंतरही काही वर्षे चालू असते आणि त्या काळात त्याला छेडणे धोक्याचे, यावर बहुतेकांचे एकमत आहे.

आता आशेची बाजू. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नियमित गांजा घेणाऱ्या सोळा ते पंचवीस वर्षे वयाच्या अठ्ठ्याऐंशी जणांची चाचणी झाली. ज्यांनी महिनाभर गांजा सोडला, त्यांची नवे शब्द शिकण्याची शक्ती सुधारली, आणि ती सुधारणा बहुतांशी पहिल्या आठवड्यातच दिसली. दीर्घकाळ सेवन केलेल्या प्रौढांच्या २००१ सालच्या एका अभ्यासातही अठ्ठावीस दिवसांच्या वर्जनानंतर ते इतरांहून मागे असल्याचे दिसले नाही. सारांश, बहुतेकांच्या बाबतीत दार बंद झालेले नसते. पण परीक्षेचे जे वर्ष हातचे गेले, ते परत येत नाही.

कायद्याविषयी दोन शब्द. १९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्याने गांजा व चरस बाळगणे हा गुन्हा आहे. शेंड्यांवाचूनची पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. स्मरणशक्तीला मात्र ही व्याख्या ठाऊक नसते, कारण पानांतही तेच द्रव्य असते. व्यसनी माणूस आपण होऊन उपचारास गेला, तर अल्प प्रमाणातील गुन्ह्याबाबत त्याला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ती फार थोड्यांना माहीत असते.

मुलाचे अभ्यासातून लक्ष उडाले, सांगितलेला निरोप वारंवार विसरू लागला, मित्रमंडळी एकाएकी बदलली, तर लगेच गांजाचाच संशय घेऊ नये. अपुरी झोप आणि मनाची चिंता यांनीही असेच होते. आधी शांतपणे विचारावे. मारहाण केल्याने आणि लोकलज्जेने मूल अधिकच लपवू लागते. बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत व्यसनांवर उपचार होतात आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला देते. तेथे जाण्यात कमीपणा नाही. तापासाठी वैद्याकडे जातो, तसेच हे.

आपल्या वाडवडिलांनी पोथ्या, अभंग, हिशेब आणि नातीगोती पिढ्यान्‌पिढ्या स्मरणातून सांभाळली. हे धन नव्या पिढीच्या हाती सोपवायचे, तर घेणाऱ्याचे चित्त जागे हवे. महोत्सवाच्या या शुभप्रसंगी प्रत्येक घरात या विषयावर एकदा मोकळेपणाने बोलणे झाले, तर प्रस्तुत लेखाचे सार्थक झाले असे समजेन.