दृष्टिपटलाखालील रक्तस्राव आणि उपचार

डोळ्यातील दृष्टिपटलाच्या पाठीशी रक्तवाहिन्यांनी भरलेले कोरॉइड हे पटल असते. त्यास दाह झाला की काही रुग्णांत तेथे नव्या, नाजूक रक्तवाहिन्या निर्माण होतात. त्यांतून पाझरलेले रक्त दृष्टिपटलाखाली साचते. या रक्तातील लोह प्रकाशग्राही पेशींस अपायकारक असल्याने विलंब झाल्यास मध्यदृष्टी कायमची जाण्याचा धोका असतो.

दाहाची कारणे अनेक आहेत. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली यांसारख्या दाट वस्तीच्या उपनगरांत क्षयरोगाचा विचार अवश्य करावा लागतो. क्षयरोग असताना केवळ स्टेरॉइड दिल्यास तो बळावू शकतो. म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र व रक्ततपासणी आधी करतात. क्षयाचे निदान झाल्यास औषधे राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात.

दाहावरील औषधांबरोबरच नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅबसारखे औषध डोळा बधिर करून आत टोचतात. ते पुन्हा द्यावे लागू शकते. मध्यबिंदूखाली ताजी, मोठी गुठळी असल्यास गुठळी विरघळविणारे औषध व वायूचा बुडबुडा वापरून ती बाजूस सारतात. हा उपाय पहिल्या सुमारे दोन आठवड्यांत अधिक उपयोगी पडतो.

एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहावे. सरळ गज वाकडे दिसल्यास किंवा मध्यभागी काळा डाग आढळल्यास जुहूचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी अथवा जवळच्या रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञास त्वरित दाखवावे. शिक्षक व लोकप्रतिनिधींनी ही सोपी चाचणी घरोघरी पोहोचविल्यास अनेकांची दृष्टी वाचू शकेल.