कोंबडीची थाळी, आपलं ऑम्लेट

‘गावरान’ म्हटलं की आपण अंड्याला दुप्पट पैसे मोजतो. पण ते घालणारी कोंबडी स्वतः काय जेवते? फुटक्या अंड्यांचा एक ट्रे घेऊन सुप्यापासून भिगवणपर्यंत केलेली ही वीकेंड भटकंती...

माझी रूममेट खराडीत आयटीत आहे. तिच्या टीममधली निम्मी जनता जिमला जाते आणि त्यांना लागतात गावरान अंडी. सप्लायर कोण? माझी आत्या! बारामती तालुक्यात सुप्याजवळ तिची वस्ती आहे आणि दारात पंधरा-सोळा कोंबड्या. दर पंधरा दिवसांनी आतेभाऊ पुण्याला येताना ट्रे आणतो, मी पैसे गोळा करून आत्याला पाठवते. सगळं मस्त चाललं होतं. पण मार्चमध्ये ट्रे आला तेव्हा त्यातली नऊ अंडी फुटलेली होती. उरलेल्यांची टरफलं कागदासारखी, बोटानं दाबलं की आत जाणारी. ‘तुझी आत्या चायनीज अंडी विकते काय?’ टीममधल्या एकानं मेसेज टाकला आणि पुढची ऑर्डर कॅन्सल!

आत्याला फोन केला, तर ती आधीच वैतागलेली. ‘‘अगं, काल एकीनं बिनटरफलाचंच अंडं घातलं. हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यागत! आणि तांबडी तर चार दिवस झाले, उठतच नाही.’’

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दुधाचे पैसे मामांच्या खात्यात जमा होतात, कांद्याचेही. अंड्यांचे पैसे मात्र आत्याच्या डब्यात. बचत गटाचा हप्ता, मोबाइलचा रिचार्ज, नातवाचा खाऊ, सगळं त्या डब्यातून. त्यासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. म्हणजे आमची कॅन्सल झालेली ऑर्डर ही आत्याच्या स्वातंत्र्यावरच घाव होती की! शनिवारी सकाळी मी चौफुल्याची एसटी पकडली.

पोटभर, पण उपाशी

सुपे म्हणजे बारामतीचा जिरायती भाग. ऊस, कॅनॉल, हिरवंगार वगैरे जे तुमच्या डोळ्यांसमोर येतं, ते इथे नाही. इथे माळरान आणि शेजारच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं. कोंबड्यांसाठी खरं तर हा स्वर्ग! आत्या सांगते, पूर्वी खळ्यावर ज्वारी-बाजरी सांडायची, उकिरडा उकरला की किडे मिळायचे, बांधावर कोवळं गवत असायचं. कोंबडीला वेगळं काही घालावंच लागायचं नाही.

आता खळं गेलं, मळणी मशिननं होते. अंगणात पेव्हिंग ब्लॉक आले. शेण थेट ट्रॉलीत भरून विकलं जातं, त्यामुळे उकिरडाही नावापुरता. त्यात कोंबड्या कांद्याच्या रोपात शिरतात म्हणून शेजाऱ्यांनी भांडण काढलं आणि आत्यानं त्यांना जाळीत बंद केलं.

‘‘मग खायला काय घालतेस?’’

‘‘घालायचं काय? भात, भाकरीचे तुकडे, मक्याचा भरडा. आणि तू आणलेला ब्रेड! पोटभर खातात की.’’

मी गप्प. कारण तो ब्रेड खरंच मी आणला होता. रूममेटच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत उरलेला ब्रेड, खारी, फरसाण... अन्न वाया जाऊ नये म्हणून दोन पिशव्या भरून! काय भारी वाटलं होतं तेव्हा.

गावात पशुवैद्यक आले होते, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी आजाराची चौकशी केली. पातळ टरफल मानमोडीसारख्या रोगानं, उन्हाच्या तडाख्यानं किंवा कोंबडीच्या वयामुळेही होऊ शकतं. लसी झालेल्या होत्या, सर्दी-हगवण नव्हती. मग त्यांनी खाद्याचं भांडं बघितलं आणि मान हलवली.

दोन ग्रॅमचा हिशेब

त्यांनी समजावलेलं गणित सोपं आहे. एका अंड्याचं टरफल पाच-सहा ग्रॅमचं. ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि त्यात निव्वळ कॅल्शियम सुमारे 2 ग्रॅम. कोंबडी दिवसाला खाते 100 ते 120 ग्रॅम. आता 100 ग्रॅम मक्यात कॅल्शियम 0.05 ग्रॅमसुद्धा नसतं. भात, भाकरी, ब्रेड, सगळ्यांची हीच गत. मग टरफल बनतं कशातून? कोंबडीच्या हाडांतून! अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 तास एकट्या टरफलाचे. रात्री आपण झोपलेलो असतो, तेव्हा ती बिचारी हाडांतलं कॅल्शियम उसनं काढत असते. ते परत भरलं गेलं नाही की आधी टरफल पातळ होतं, मग टरफलच येत नाही आणि शेवटी कोंबडी पायावर उभी राहत नाही. तांबडीचं नेमकं हेच झालं होतं.

त्यात आत्याच्या कोंबड्या आहेत गिरिराज, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. अस्सल देशी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, या सुधारित जाती त्याच्या दीडपट ते दुप्पट. म्हणजे कामाचं टार्गेट डबल आणि डबा तोच! तुमच्या-माझ्या ऑफिसात असं झालं तर आपण राजीनामा देऊ. कोंबडी बसून घेते.

प्रोटीनचीही तीच रड. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रोटीन लागतं, मक्यात ते असतं 8-9 टक्के. कमी पडलं की अंडी घटतात, पिसं विरळ होतात, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. आणि फरसाण-खारी? त्यातलं मीठ कोंबडीला झेपत नाही. पाणी जास्त पितात, पातळ हगतात, फार झालं तर मरतात. थोडक्यात, आमचं ‘झीरो वेस्ट’ आत्याला भलतंच महागात पडलं होतं.

मावशीची करवंटी

रविवारी आतेभावाच्या बाइकवर बसून बारामतीमार्गे भिगवणला निघाले, माझ्या मावशीकडे. हा इंदापूर तालुका. उजनीच्या पाण्याला लागून मावशीचं घर. हिवाळ्यात आपण इथे फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो, पण मला यावेळी कोंबड्या बघायच्या होत्या. कारण मावशीच्या अंड्यांची टरफलं अशी टणक, की फोडताना चमचा आपटावा लागतो.

तिचा मेन्यू ऐका. मक्याचा भरडा, त्यात मूठभर शेंगदाणा पेंड. भिगवणच्या मासळी बाजारात उरणारी बारीक मासळी उकडून किंवा वाळवून, तीही थोडीच, कारण जास्त झाली की अंड्याला वास येतो. दुपारी शेवग्याचा पाला दोरीनं टांगलेला. आणि कोपऱ्यात एक करवंटी, त्यात पाण्याच्या काठावरून वेचलेल्या शिंपल्यांचा चुरा.

‘‘हे दाण्यात का मिसळत नाहीस?’’

‘‘कशाला? जिला पाहिजे ती खाते. कोंबडा तर बघतही नाही तिकडे.’’

मावशी शाळेत चौथीपर्यंत गेली. पण पुस्तकातला नियमही हाच आहे! अंड्यावरची कोंबडी गरजेप्रमाणे कॅल्शियम खाते, विशेषतः संध्याकाळी. पिल्लांना मात्र ते जास्त गेलं तर किडनी खराब होते. म्हणून वेगळं भांडं. शिवाय मावशीच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. उन्हातून त्यांना व्हिटॅमिन डी मिळतं आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतच नाही.

मावशीचंही सगळं परफेक्ट नाही हं. मागच्या पावसाळ्यात तिची सहा पिल्लं गेली. कारण? ओल लागलेला मका. दमट मक्यावर आणि पेंडीवर जी बुरशी येते, तिचं विष थेट लिव्हरवर जातं. धुऊन किंवा वाळवूनही ते जात नाही. आता मावशी बुरसट वास आला की पोतं सरळ उकिरड्यात पुरते.

पुन्हा ऑर्डर!

आत्याच्या जाळीत आता अर्धं खाद्य तयार लेअर मॅशचं आणि अर्धं घरचं आहे. शेवग्याची फांदी, शिंपल्यांच्या चुऱ्याची करवंटी आणि संध्याकाळचे दोन तास सुट्टी, आत्या स्वतः राखण करते. तांबडी काही उठली नाही. बाकीच्यांची टरफलं मात्र दोन-तीन आठवड्यांत सुधारली. मॅशचा खर्च वाढला म्हणून आत्यानं भाव एका रुपयानं वाढवलाय. टीममध्ये थोडी कुरकुर झाली. मी त्यांना दोन ग्रॅमचा हिशेब सांगितला, आणि ऑर्डर आली!

पॅन्ट्रीतला ब्रेड बंद. आता टीममधले लोक रिकामी टरफलं धुऊन, वाळवून मला परत देतात. आत्या ती तव्यावर भाजते, बारीक कुटते आणि करवंटीत टाकते. परवा फोनवर म्हणाली, ‘‘पुण्याची माणसं टरफलंसुद्धा परत पाठवतात, मग पैसे एवढे उशिरा का गं देतात?’’

गावरान अंडी घेताना...

- टरफलाचा रंग जातीवर ठरतो. तपकिरी म्हणजे गावरान, असं काही नसतं.
- बलकाचा केशरी रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो. पण खाद्यात रंगद्रव्य घालूनही तो आणता येतो!
- टरफल पातळ, खरबरीत दिसलं तर विकणाऱ्याला सांगा. कोंबडीची तब्येत सगळ्यात आधी तिथेच कळते.
- गावी कोंबड्या असतील तर मीठ-मसाल्याचं आणि बुरशी आलेलं काहीही नेऊ नका.
- आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा, ‘कोंबडी खाते काय?’