बादली कुठे रिती होते?

रोज सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या जिन्यात ‘कचराऽ’ अशी हाक येते. मग मजल्यामजल्यावर दारे उघडतात, बादल्या बाहेर येतात, रिकाम्या होऊन आत जातात. दार लागले की घर स्वच्छ झाले, असे आपण समजतो. पण बादली रिती झाली ती कुठे, हा प्रश्न दाराच्या आत येत नाही.

पुण्यापुरते त्याचे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते : उरुळी देवाची आणि फुरसुंगी. शहराचा कचरा या गावांच्या शिवारात साठत गेला. दुर्गंधी आली, माश्या आल्या, विहिरींचे पाणी बिघडले. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या, की शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचत आणि आम्ही नाकाला रुमाल लावून महापालिकेच्या नावाने बोटे मोडत असू. आम्ही दोनचार दिवस सोसले ते त्या गावांनी वर्षानुवर्षे सोसले, हे मात्र आमच्या फारसे ध्यानात आले नाही. मुंबईत देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धूर दूरच्या उपनगरांत पोचला आणि मग कुठे शहराला आपल्या बादलीची आठवण झाली.

या ढिगांचे दुखणे मुख्यतः ओल्या कचऱ्यात आहे. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न हे सारे उघड्या हवेत कुजले तर त्याचे खत होते. तेच ढिगाखाली, हवेविना कुजले की त्यातून मिथेन वायू निघतो आणि काळे, दुर्गंधीचे पाणी जमिनीत झिरपते. वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक जोरकस ठरतो. म्हणजे वस्तू एकच. हवा मिळाली तर सोने, नाही मिळाली तर विष!

आजीच्या वाड्यात कचऱ्याची बादली असल्याचे मला आठवत नाही. साली गाईला जात, राखेने भांडी घासली जात, जुन्या लुगड्याची गोधडी होई आणि गोधडी विरली की पायपुसणे. आठवण गोड आहे खरी. पण त्या राखेने आजीच्या हातांच्या चिरा कधी भरून आल्या नाहीत, हेही आठवते. जुन्या घराचा काटकसरीपणा बायकांच्या श्रमांवर उभा होता. तेव्हा ‘पूर्वीसारखे राहा’ असे सांगणाऱ्याने आधी हे सांगावे, की राबायचे कोणी?

हे शहाणपण मला उशिरा आले. गॅलरीत खत करायचे, असे मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले आणि रोजचे काम आपसूक बायकोकडे गेले. मी वर्तमानपत्र वाचत असे, ती साली टाकत असे. पंधरा दिवसांत डब्याला वास सुटला, आत अळ्या वळवळू लागल्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. ते जास्त लागले. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “खत तुमचं आणि वास माझा, असं किती दिवस?” दुसऱ्या दिवसापासून डबा माझ्याकडे आला.

चूक साधी होती. डब्याला भोके नव्हती आणि आत सुका पाला नव्हता. वास येतो तो कचऱ्याचा नव्हे, कोंडलेल्या ओलीचा. आता प्लास्टिकच्या जुन्या पिंपाला चहूबाजूंनी आणि तळाला भोके पाडली आहेत. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर मूठभर तयार खत किंवा बागेतली माती. मग एक वाटी ओला कचरा, वर दीड-दोन वाट्या वाळलेली पाने. आठवड्यातून दोनदा खालीवर हलवायचे. मूठ आवळली तर ओल लागावी, पाणी मात्र गळू नये. फार ओले वाटले तर पाला वाढवायचा, कोरडे पडले तर पाण्याचा शिपका द्यायचा. अळ्या दिसल्या तरी घाबरू नये. त्या कुजण्याच्या कामातल्या मदतनीसच असतात. दोन-तीन महिन्यांत काळसर, मोकळी, पहिल्या पावसासारख्या वासाची माती हाती येते. पाला विकत घ्यावा लागत नाही. सोसायटीत झाडून पेटवला जातो तोच आणायचा. त्याने तो धूरही वाचतो.

राहिला सुका कचरा. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. कागद, काच, पत्रा या नावातच त्यांचा चरितार्थ आहे. ओल्यात भिजलेला कागद कवडीमोल होतो, म्हणून सुके वेगळे ठेवणे म्हणजे कोणाची तरी रोजची कमाई राखणे. दुधाची पिशवी विसळून वाळवायला किती वेळ लागतो? पिशवीचा कापलेला कोपरा अर्धवट चिकटलेला राहू द्यावा, म्हणजे तो तुकडा हरवत नाही. फुटलेली काच कागदात गुंडाळून तसे सांगून द्यावी. सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे दुसऱ्याला ते उघडून पाहण्याची वेळ येत नाही. कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले खरे. पण नियमाआधी ही साधी माणुसकी आहे.

एवढ्याने शहराचा प्रश्न सुटेल, असे मी म्हणत नाही. हॉटेले, मंडया, मंगल कार्यालये यांचा कचरा गॅलरीत मावणारा नव्हे. तिथे महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. मात्र जाब विचारणाऱ्याची स्वतःची बादली नीट असावी.

परवा हाक आली तेव्हा मी दार उघडले. कचरा नेणाऱ्या मावशींनी बादलीत डोकावले. कागद, दोन पिशव्या, एक बाटली. “ओला नाही आज?”

“नाही, मावशी. आता घरीच मुरतो.”

त्यांनी कोरडा हात पदराला न पुसता तसाच बादलीवर ठेवला आणि शेजारच्या दाराकडे वळल्या.