खानावळ, ढाबा आणि दोन रस्से

खानावळ : ठरलेलं जेवण, ठरलेला दर. पाटीवर ‘मटण थाळी’, ‘शाकाहारी थाळी’ एवढंच. बहुधा घरच्याच मंडळींनी चालवलेली. गल्ल्यावर एक पिढी, चुलीपाशी दुसरी.

ढाबा : पंजाबकडून आलेला. ट्रकचालकांसाठी महामार्गालगत सुरू झाला. इथे हवा तो पदार्थ सांगून मागवायचा.

तांबडा-पांढरा : कोल्हापुरी थाळीची खरी ओळख. दोन्ही रश्श्यांचं मूळ एकच, मटण शिजवलेलं पाणी, म्हणजे अळणी. तांबड्यात लाल मिरची नि कांदा-लसूण मसाला, वर तर्री. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, खडा मसाला. लाल तिखट अजिबात नाही. हा पातळच हवा. वाटी तोंडाला लावून प्यायचा.

रस्ता : पुणे-सातारा-कोल्हापूर हा जुना ‘एनएच ४’. २०१० च्या फेरक्रमांकनात तो ‘४८’ झाला. जुन्या गिऱ्हाइकांच्या तोंडी अजून चारच.

खानावळवाल्या : मुंबईत गिरणी कामगारांना घरगुती डबे देणाऱ्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं.

वाढप : रस्सा सहसा पुन्हा वाढतात, मटण मोजून. लागेल तेवढंच घ्या, ताटात टाकू नका.