मानवी व्यापाराचा धोका आणि धर्मप्रेरित आश्रय : केडगावच्या मुक्तिसदनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

भारतीय राज्यघटनेच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला असून भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १४३ अन्वये तो दंडनीय अपराध आहे. तथापि कायदा बहुधा व्यवहार घडून गेल्यावर हालचाल करतो. मुलगी विकली जाण्यापूर्वी तिच्यापर्यंत कोण पोहोचते, हा खरा प्रश्न होय.

नाशिक जिल्ह्याला धर्मप्रेरित आश्रयाची परंपरा नवी नाही. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर वसविले. गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलामुलींना पुढे तेथे ठेवून शिक्षण दिले जाई. (लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट तेथलाच विद्यार्थी.) मात्र शरणपुरास आलेली मुले आधीच विकली गेलेली होती. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) त्याच्या आधीची पायरी गाठली.

दुष्काळ आणि मुली :

रमाबाईंचे आईवडील व बहीण उपासमारीतच गेले होते. त्यामुळे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, त्या उपाशी मुलीची स्थिती स्वतः भोगलेल्या स्त्रीच्या नजरेने. गरीबखाने व मदतछावण्यांभोवती मुलींना फूस लावून नेणारे लोक घुटमळत असत; छावणीतले अधिकारीही विश्वासार्ह नसत. रमाबाईंनी तेथून सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस असल्याने त्यांना शहराऐवजी केडगावच्या शेतावर नेण्यात आले आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

येथे कार्यपद्धती महत्त्वाची. केवळ अन्न देऊन मुलगी सुरक्षित होत नाही; पुढच्या दुष्काळात दलाल पुन्हा येतो. म्हणून शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुलींच्या हाती देण्यात आली. आधीच फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता. सरकारी व्यवस्थेवरही रमाबाईंचा आंधळा विश्वास नव्हता. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रिया सुरक्षित नाहीत, असे त्यांनी १८९७ साली ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीरपणे लिहिले.

आश्रयाची अट :

मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदासदनात धार्मिक तटस्थतेचे आश्वासन होते. विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेस बसू लागल्यावर १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. केडगावला मात्र तटस्थतेचा प्रश्नच उरला नाही. ती संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. उपाशी मुलीची संमती ही मुक्त संमती नव्हे, हा टीकाकारांचा आक्षेप आजही टाळता येत नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी छावणीपर्यंत किती जण गेले, हेही पाहावे लागते. आर्य समाजाने त्याच दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुले पंजाबात नेली, ती लाला लजपतराय यांच्या पुढाकाराने. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदासदनाच्याच विद्यार्थिनी. म्हणजे ज्यांना रमाबाईंची अट मान्य नव्हती, त्यांनाही अखेर आश्रयच उभारावा लागला.

आज अल्पवयीन मुलीने कोठे राहावे, हे आश्रय देणारी संस्था ठरवीत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार तो निर्णय बालकल्याण समितीचा असून संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे. धर्माच्या अटीला यामुळे बराच आळा बसला. परंतु समितीपुढे मुलगी आणली गेली, तरच समिती निर्णय देते. पेठ-सुरगाण्याहून निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत हंगामापुरत्या येणाऱ्या कुटुंबांतील मुली मूळ गावच्या शाळेत गैरहजर आणि सायखेड्यासारख्या गावच्या शाळेत बहुधा अनोळखी राहतात. हंगाम संपल्यावर त्यांपैकी कोण परतली आणि कोण नाही, याची विचारणा करणारी नेमकी व्यक्ती दोन्हीकडे ठरलेली नसते.