दार लागेना? आधी केबिनखालचे रबर पाहा

पंचवटी म्हटले की बाहेरगावच्या माणसाला रामकुंड, काळाराम मंदिर आणि सीतागुंफा आठवते. आपल्या दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडच्या माणसाला मात्र त्याआधी आठवते ते बाजार समितीचे आवार. टोमॅटोचे कॅरेट, कोथिंबिरीच्या जुड्या, कारली, भोपळे, आणि ते सगळे घेऊन येणाऱ्या गाड्या. ह्या गाड्यांकडे एकदा नीट पाहा. नव्या पिकअपांच्या रांगेत अजूनही एखादी पस्तीस वर्षांची म्हातारी उभी असते. रंग उडालेला, हौदाला दोनदा नवा पत्रा मारलेला, पण इंजिन ठणठणीत. अशीच एक आमच्या घरी आहे. टाटामोबाइल, म्हणजे टाटांनी १९८८ साली बाजारात आणलेली पिकअप. तिच्याच घडणीवरून पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो निघाल्या. आमच्या थोरल्या चुलत्यांनी ती घेतली तेव्हा गावात चारचाकी म्हणून एवढी एकच होती.

ह्या गाडीने गेल्या पावसाळ्यात आम्हाला चांगलाच धडा शिकवला. तो आपल्याही उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहे.

डावीकडचे दार वर्षभर नीट लागत नव्हते. आधी जरा जोराने आपटावे लागे, मग वर उचलून आपटावे लागे. कुलपाची कडी झिजली असेल म्हणून ती बदलली, बिजागऱ्यांना तेल दिले. एका गॅरेजवाल्याने तर दारच ठोकून वाकवले आणि पैसे घेतले. आठ दिवस बरे गेले, पुन्हा तेच. खड्ड्यातून गाडी गेली की पायाखाली धप्प असा आवाज येई. गिअरचा दांडा एखाद्या म्हाताऱ्याच्या हातासारखा थरथरे. आम्ही म्हणायचो, गाडी जुनी झाली, चालायचेच.

एके दिवशी माल देऊन परत येताना, म्हसरूळ सोडल्यावर एका वळणावर ते दार चालत्या गाडीत सताड उघडले. दाराशी वहिनी होत्या, मांडीवर चार वर्षांचा नातू. त्यांनी एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने डॅशबोर्डचा दांडा धरला म्हणून निभावले. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "गाडी ठेवा नाहीतर विका, त्या दारापाशी मी आता बसायची नाही." त्या रात्री कोणी फारसे जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पंचवटीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी दाराला हातही लावला नाही. खाली वाकले, केबिन आणि चेसिस यांच्यामध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि म्हणाले, "भाऊ, घराची चौकट खचलीय, तुम्ही दाराला दोष देताय." केबिनखालचे रबर पार बसले होते. एका ठिकाणी तर रबर नव्हतेच. नुसता बोल्ट आणि त्याभोवती काळी भुकटी.

आता हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ. अशा गाडीची केबिन चेसिसला वेल्डिंग केलेली नसते. चेसिसवरच्या कानांवर ती रबरांवर बसवलेली असते. गाडीगाडीप्रमाणे ही ठिकाणे चार, सहा किंवा जास्त असतात, आपली आपण मोजून घ्यावी. मिस्त्री लोक ह्याला केबिन फाउंडेशन किंवा केबिन माउंटिंग म्हणतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येक ठिकाणी दोन रबरे असतात. वरचे केबिनचा भार झेलते, आणि खालचे, केबिन वर उडू पाहते तेव्हा तिला आवरते. दोहोंच्या मधून एक लोखंडी नळी जाते, तिच्यातून बोल्ट. वर-खाली मोठे वायसर.

ही नळी दिसायला किरकोळ, पण सगळी मेख तिच्यात आहे. बोल्ट आवळताना तो नळीवर जाऊन थांबतो, म्हणजे रबर हवे तेवढेच दाबले जाते. नळी हरवली तर आवळणाऱ्याला कुठे थांबावे ते कळत नाही. जास्त आवळले तर रबर चिरडते, कमी आवळले तर बोल्ट सैल राहून उड्या मारतो. आमच्या गाडीत दोन नळ्या गायब होत्या. पूर्वी कधीतरी कोणीतरी घाईत बसवायच्या विसरला असणार.

रबर कशासाठी, असे आपण विचाराल. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे बांधावर गेले की चेसिस पिळवटते. ती पिळवटण्यासाठीच केलेली असते. पण केबिनचा पत्रा तसा पिळला तर काचेला तडा जाईल, सांधे उकलतील. मधले रबर तो पीळ आणि इंजिनाची थरथर स्वतःवर घेते. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लायमाउथ मोटारीचे इंजिन रबरावर बसवले तेव्हा त्याचा केवढा गवगवा केला होता! आज त्याचे कोणाला काही वाटत नाही.

मात्र रबर हे झाडाच्या चिकापासून आलेले, ते म्हातारे होणारच. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता देऊन त्याला टिकाऊ केले, तरी ऊन, हवेतला ओझोन आणि तेल हे त्याचे तीन वैरी राहिलेच. ओझोनने बारीक भेगा पडतात, उष्णतेने ते कडक होते. डिझेल किंवा ऑइल सतत ठिबकत असेल तर साधे रबर फुगून लिबलिबीत होते. म्हणून ज्या बाजूला गळती, त्या बाजूचे रबर आधी जाते. गळती तशीच ठेवून नवे रबर घालणे म्हणजे फुटक्या पाइपलाइनवर नवी मोटर बसवणे.

आपल्या गाडीची तपासणी घरीच करता येते. सपाट जागेवर गाडी उभी करा आणि दाराभोवतीची फट वर, खाली, पुढे, मागे बोटाने मोजा. एकीकडे बोट जाते आणि दुसरीकडे नख जात नाही, तर केबिन त्या बाजूला बसली आहे. केबिन आणि हौद यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का पाहा. मग घरातल्या कोणाला तरी दार धरून केबिन हलवायला सांगा आणि आपण खाली पाहा. रबरापाशी केबिन वेगळी आणि चेसिस वेगळी हलताना दिसली की समजा.

त्याच वेळी पायाखालची मॅट उचला. आपण चिखलाचे पाय घेऊन बसतो, मॅटखाली ओल राहते आणि पत्रा आतून कुजतो. जिथे बोल्ट येतो त्या जागी स्क्रू ड्रायव्हर जोराने टोचून पाहा. तो आत गेला तर रबर आणायला जाऊ नका, आधी वेल्डरकडे जा. कुजका भाग कापून जाड पत्र्याचा तुकडा टाकून घ्या. आमच्या दाराचे खरे कारण निम्मे हेच होते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढायला सांगा आणि रबर, डिझेलचा पाइप, सीट जवळ ठेवू नका. पाण्याची बादली मात्र जवळ असावी.

आता बदलण्याचे काम. हे अनुभवी मिस्त्रीच्या हाताखाली करावे, एकट्याने मुळीच नाही. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. गंजलेला बोल्ट जबरदस्तीने फिरवला की तुटतो. वरचा नट पत्र्याला जोडलेला असेल तर तो पत्र्यासकट फिरतो, मग निम्मा दिवस तिथेच जातो. चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. एका बाजूचे बोल्ट काढा, पण दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करा, काढू नका. नाहीतर केबिन सरकते आणि भोके पुन्हा जुळता जुळत नाहीत.

उचलण्यापूर्वी मात्र थांबा. स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेकची तार, ॲक्सिलरेटरची केबल, रेडिएटरचा होज, वायरींचा गठ्ठा, हे सगळे केबिन आणि चेसिस यांच्यामध्ये ताणले जाणार असते. कुठे काय सैल करायचे ते आधी पाहून घ्या. जॅक उघड्या पत्र्याला लावू नका, केबिनच्या खालच्या मजबूत आडव्या पट्टीला, मध्ये जाड लाकडी फळी ठेवून लावा. नवे रबर सरकेल इतकेच उचला. उचलल्याबरोबर फटीत ठोकळे घाला. आणि एक गोष्ट पोराबाळांना बजावून सांगा, नुसत्या जॅकवर उचललेल्या केबिनखाली बोट घालायचे नाही. ठोकळा आधी, हात नंतर.

रबर सगळी एकदम बदलावीत. चार जुनी आणि दोन नवी असली की केबिन तिरपी बसते. बसवताना अडले तर साबणाचे पाणी लावा, ग्रीस नको. सगळे बोल्ट आधी हाताने धरवा, मग केबिन खाली सोडा, दारांच्या फटी पाहा आणि नंतरच पाळीपाळीने आवळा. आटे गेलेला बोल्ट पुन्हा वापरू नका. काम झाल्यावर गाडी जागेवर उभी ठेवूनच ब्रेक दाबा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, सगळे गिअर टाकून पाहा. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्या.

पुष्कळ ठिकाणी जुन्या टायरचे तुकडे कापून बसवतात. रस्त्यात अडलात तर घरी येण्यापुरते ठीक. पण टायरमध्ये धागे आणि तारा असतात, तो रबरासारखा दबत नाही, नळीही त्यात नीट बसत नाही. फार कडक तुकडा घातला तर सगळी थरथर पत्र्यावर येते आणि तिथे तडा जातो. आम्ही नमुन्याला जुने रबर आणि एक नळी हातात घेऊनच दुकानात गेलो. नुसते गाडीचे नाव सांगून आणलेली पहिली जोडी उंचीला कमी भरली होती. गेलेल्या नळ्या मिस्त्रींनी मापाने कापून दिल्या.

जाता जाता कागदाचे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद होते ती ५० वर्षांवरील आणि धंद्यासाठी न वापरलेल्या गाडीचीच. आपली भाजी वाहणारी गाडी त्यात बसत नाही. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग असते, तेव्हा हे काम त्याआधीच उरकावे.

आमचे काम दोन दिवस चालले. त्यातला दीड दिवस पत्र्याला आणि दोन तुटलेल्या बोल्टांना गेला. संध्याकाळी चुलत्यांनी दार दोन बोटांनी ढकलले, ते खट्ट करून लागले. त्यांनी ते चार-पाच वेळा उघडले आणि लावले. वहिनींनी दुरून पाहिले, काही बोलल्या नाहीत. सोमवारी कारली भरली तेव्हा त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या, पण पोराला दोघांच्या मध्ये घेतले. अजूनही तसेच बसवतात.