शाबासकी नव्हे, पावती!

चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबाच्या जंगलाचे एक प्रवेशद्वार. वाघ पाहावा म्हणून आपण मुलाबाळांसह हौसेने तेथे जातो. पण वाघाचा शेजार रोजचाच असलेल्या गावांत उन्हाळा जिवावरचा असतो. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला रानात जावेच लागते, आणि गेलेला प्रत्येक जण परततोच असे नाही.

समजा, अशाच एका घरातली बाई आपल्यासमोर बसली आहे. भरपाई मिळाली, पण तिचे एकच घोकणे चालू आहे : “मीच त्यांना धाडलं. माह्याच पायगुणानं झालं.” बंगालच्या सुंदरबनात तर अशा विधवेला ‘नवरा खाणारी’ म्हणून हिणवतात. लोकांनी मारलेला शिक्का माणूस हळूहळू स्वतःच्याच हाताने कपाळावर उमटवून घेतो. मग मनाची जखम भरायची कशी?

आपण म्हणतो, “धीर धरा, तुम्ही फार खंबीर आहात.” हेतू चांगला, पण तिला ते पटत नाही. जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. ‘मी प्रेमास पात्र आहे’ असे स्वतःशी घोकल्यावर, मुळातच स्वतःला कमी लेखणाऱ्यांना उलट अधिकच वाईट वाटले!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली समुपदेशनाची एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ती वाढवली. त्या पद्धतीत शाबासकीपेक्षा पावतीला मोल आहे. ‘वा, छान!’ म्हणताना निवाडा करणारे आपण असतो. पावती देताना घडलेली गोष्ट ज्याची त्याच्या नावावर जमा करायची. आधी तिचे दुःख पुरते ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, “ताई, एवढं होऊनही तुम्ही पोरांची शाळा चुकू दिली नाही.” हे तिला खोडता येत नाही, कारण ते तिनेच केलेले असते. अशा खऱ्या, लहान नोंदी साठत गेल्या की कपाळावरचा शिक्का पुसट होऊ लागतो.

अर्थात, झोपच उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांना गाठलेच पाहिजे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सरकारी दूरध्वनी-सेवाही आहे.

असे शिक्के काय रानातच मारले जातात? नापास झालेला भाचा, सासर सोडून आलेली बहीण आपल्याही घरात असते. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना उपदेश बाजूला ठेवू या, आणि तिने निभावलेली एक तरी गोष्ट तिला नावानिशी सांगू या.